चिल्ड वॉटर लाईन (एसीच्या थंड पाण्याची) बदलायची आहे, एमएस (लोखंडी) की पीपीआर (प्लास्टिक)? (रत्नागिरी, चालू हॉस्पिटल)

रत्नागिरी_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एका खाजगी हॉस्पिटलचं मेंटेनन्स बघतो, बिल्डिंग तळमजला अधिक पाच. टेरेसवर १०० टीआरचे (टनाचे) दोन एअर कूल्ड चिलर (एसीचं पाणी थंड करणारी मशीनं) आहेत, एक चालतो एक स्टँडबाय. पाणी ७ डिग्रीने जातं, १२-१३ ने परत येतं, म्हणजे नेहमीचंच. ओटीचे (ऑपरेशन थिएटर) दोन एएचयू (थंड हवा देणारी मोठी युनिट) आणि बाकी सगळे एफसीयू (खोल्यांमधली लहान युनिट).

आधीची लाईन एमएस सी क्लास (म्हणजे हेवी, जाड भिंतीची), वरून थर्माकोल, त्यावर जाळी मारून सिमेंट प्लास्टर. आता टेरेसवरचा हेडर (मुख्य लाईन) आणि शाफ्टमधला रायझर (उभी लाईन) बाहेरून पार सडलाय. प्लास्टर फोडलं की गंजाचे पापुद्रे हातात येतात, आतला थर्माकोल पिळला तर पाणी निघतं. वेल्डर पॅच मारायला तयार नाही, म्हणतो पत्राच उरला नाही साहेब, वेल्ड कशाला लावू. ट्रस्टींचं म्हणणं पावसाच्या आधी पूर्ण लाईन बदलून टाका.

दोन कोटेशन आलीत. पहिला म्हणतो परत एमएस सी क्लास घ्या, वर नायट्राईल (रबरी फोमचं इन्सुलेशन) आणि ॲल्युमिनियम क्लॅडिंग (पत्र्याचं आवरण) करून देतो. दुसरा म्हणतो फायबरवाला पीपीआर टाका, गंज नाही, ५० वर्षं बघायला नको, ४ इंची एमएसच्या जागी ११० एमएम पीपीआर येईल आणि प्लास्टिक स्वतःच इन्सुलेटर असल्यामुळे इन्सुलेशन लागणारच नाही, लावायचंच तर ९ एमएम पुरे. दुसऱ्याचं एकूण कमी आहे पण त्यात इन्सुलेशनच नाही, त्यामुळे तुलना कशी करायची तेच कळत नाहीये.

माझ्या शंका: इन्सुलेशनचं खरं आहे का? प्लास्टिक पाईपमधून ऑक्सिजन आत जातो आणि चिलर सडतो असं कुणीतरी सांगितलं, ते कितपत? आणि हॉस्पिटल चालू असताना वेल्डिंग कसं करणार, ऑक्सिजन लाईन शेजारच्याच शाफ्टमधून गेलीय. अनुभव असेल त्यांनी सांगा.

पाईपवाले_काका_ठाणे

साहेब, चिल्ड वॉटर म्हणजे एमएस, विषय संपला. आयएस १२३९ चा हेवी क्लास, १५० एनबीच्या (नॉमिनल बोअर, नावापुरता आतला व्यास) वर गेलात तर आयएस ३५८९, वेल्डर चांगला बघा, रूट रन (वेल्डचा तळाचा पहिला थर) नीट घालून घ्या, बाहेरून दोन कोट रेड ऑक्साईड नाही तर इपॉक्सी मारा आणि मग इन्सुलेशन चढवा. तुमची लाईन एमएस होती म्हणून सडली असं समजू नका हां, ती सडली प्लास्टरला तडे गेले म्हणून. तड्यातून दमट हवा आत शिरते, थंड पाईपला लागली की तिथेच पाणी होतं आणि ते पाणी बाहेर यायला वाट नाही, वर्षानुवर्षं पाईप ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा पडून राहतो. शिवाय थर्माकोल चढवायच्या आधी पाईपला रंग मारलाच नसेल, पैज लावतो. "आत जाणार आहे, कोण बघतंय" म्हणून नुसता पाईप झाकून टाकतात.

प्लास्टिकवर माझा भरवसा नाही. उंदीर आहेत, ऊन आहे, कुणी शिडी आपटली, कुणी ड्रिल मारलं. स्टीलवर उभं राहून काम करतात आमची पोरं.

एचव्हीएसी_पुणे

काकांशी अर्धं सहमत. पाईप बाहेरून का सडला ते त्यांनी बरोबर सांगितलंय आणि आधी तेच समजून घेणं गरजेचं आहे, कारण दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं ऐकून विनाइन्सुलेशन पीपीआर टाकलात तर गंज जाईल पण ऑगस्टमध्ये फॉल्स सीलिंगमधून पेशंटच्या अंगावर पाणी ठिबकेल.

हिशोब अगदी सोपा आहे. हवा ३२ डिग्री, आर्द्रता ८० टक्के धरा, रत्नागिरीत ही काही फार वाईट संध्याकाळ नव्हे. ड्यू पॉईंट येतो २८. म्हणजे पाईपचा बाहेरचा पृष्ठभाग २८ च्या खाली गेला की घाम सुटणार. ११० एमएमचा एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) पीपीआर घेतला तर भिंत १० एमएमची. पीपीआरची उष्णता वाहकता ०.२४ च्या आसपास, नायट्राईलची ०.०३५. म्हणजे ती १० एमएमची भिंत साधारण दीड एमएम नायट्राईलच्या बरोबरीची झाली. आत ७ डिग्रीचं पाणी असेल तर उघड्या पीपीआरचा पृष्ठभाग १४-१५ डिग्रीला राहतो. घाम नाही, अक्षरशः धार लागेल. त्यावर ९ एमएम नायट्राईल लावा, २५-२६ येतं, तरी ड्यू पॉईंटच्या खालीच. २५ एमएम लावल्यावर २९ च्या पुढे जातं. आणि भर पावसात शाफ्टमध्ये ३० डिग्री, ९० टक्के झालं तर ३२ एमएमसुद्धा काठावर येतं. त्यामुळे एसी असलेल्या भागात सीलिंगच्या वर २५ चालेल, शाफ्ट आणि टेरेसला मी ४०-५० च्या खाली सही करणार नाही. पाईप एमएस असो की पीपीआर, इन्सुलेशनच्या जाडीत नावापुरताच फरक पडतो. "प्लास्टिक स्वतःच इन्सुलेटर" हे वाक्य एमएसशी तुलना केली तर खरं आहे (स्टीलची वाहकता ५० च्या घरात) पण घाम थांबवायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जी कोटेशनमध्ये लपलीय ती साईझची. एमएस पाईप नॉमिनल बोअरने मोजतात, पीपीआर बाहेरच्या व्यासाने. ४ इंची हेवी क्लासचा आतला व्यास साधारण १०३.५ एमएम. ११० च्या एसडीआर ११ पीपीआरचा आतला व्यास ९० एमएम. आणि एसडीआर ७.४ चा जाड पाईप दिला तर ८० च्या आत. आता तुमचा फ्लो बघा: १०० टीआर, दहा डिग्री फॅरनहाईटचा फरक धरला तर २.४ जीपीएम (मिनिटाला गॅलन) पर टीआर, म्हणजे २४० जीपीएम, सेकंदाला १५ लिटर. एमएसमध्ये वेग येतो १.८ मीटर, ११० पीपीआरमध्ये जवळपास २.४. प्लास्टिक गुळगुळीत असतं हे मान्य, हेझन विल्यम्स सूत्रातला गुळगुळीतपणाचा आकडा सी १५० आणि स्टीलचा १२० धरा, तरीसुद्धा बोअर लहान झाल्यामुळे घर्षण साधारण ३० टक्के जास्तच निघतं. तुमचा पंप तोच राहणार ना? मग शेवटच्या एफसीयूला पाणी कमी पडलं की सगळे चिलरला शिव्या घालतील.

तोच पाईप १२५ एमएम घ्या, आतला व्यास १०२, आणि घर्षण एमएसपेक्षा ३० टक्क्यांनी कमी. म्हणजे एक साईझ वर गेलात तर पीपीआर फायद्याचा, नाही तर तोट्याचा. कॉन्ट्रॅक्टरला सांगा १२५ चा भाव दे आणि इन्सुलेशन धरून दे, मग दोन कोटेशन शेजारी ठेवा.

रत्नागिरी_मेंटेनन्स

मॅडम हे फारच कामाचं आहे, आतल्या व्यासाचं तर मला कुणीच बोललं नव्हतं, कोटेशनमध्ये नुसतं "११० एमएम, ४ इंचाला समकक्ष" एवढंच लिहिलंय. ऑक्सिजनचं काय? आमच्या जुन्या लाईनचं ड्रेन केलेलं पाणी शाई इतकं काळं निघतं.

चिलर_बॉय_नाशिक

ते काळं म्हणजे मॅग्नेटाईट, लोखंडाचाच बारीक गाळ. वाय स्ट्रेनरमध्ये (लाईनमधली गाळणी) लोहचुंबक धरून बघा, चिकटेल. प्लास्टिक टाका नाहीतर सोनं टाका, पाणी सांभाळलं नाही तर हेच.

एचव्हीएसी_पुणे

ऑक्सिजनची गोष्ट खोटी नाही पण ती आली थंड प्रदेशातून. युरोपात जमिनीखालच्या हीटिंगला प्लास्टिक पाईप टाकायला लागले तेव्हा पाईपच्या भिंतीतून ऑक्सिजन आत झिरपायचा आणि बॉयलर, रेडिएटर गाळाने भरायचे, म्हणून जर्मनीने डीआयएन ४७२६ मध्ये त्याची मर्यादा घातली आणि बॅरियर थर असलेले पाईप आले. तो प्रश्न मुख्यतः गरम पाण्याचा. ७ डिग्रीला भिंतीतून होणारी गळती खूपच कमी असते. शून्य नाही, पण तुमच्या पाण्यात ऑक्सिजन येतो तो बहुतेक नळातून.

म्हणजे असं की टाकीतल्या साध्या पाण्यात ३० डिग्रीला लिटरमागे सात-साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. बंद लूपमध्ये (तेच पाणी फिरत राहतं तिथे) हा एकदा आला, थोडं लोखंड खाल्लं, संपला, मग पाणी शांत होतं. पण तुम्ही एका एफसीयूचा व्हॉल्व्ह बदलायला मजलाभर पाणी सोडलं आणि परत भरलं की नवा ऑक्सिजन. पंपाची ग्लँड (दांड्याचं सील) गळतीय, मेकअप (कमी पडलेलं पाणी भरणं) रोज चालू, परत नवा. मला सांगा तुमच्या मेकअप लाईनवर मीटर आहे का? नसेल तर आधी तो बसवा, पाईप कुठलाही घ्या. बंद लूपचा मीटर महिनोन्महिने हलायला नको, हलत असेल तर कुठेतरी गळती आहे.

आणि लक्षात घ्या, पीपीआर टाकला तरी सगळं प्लास्टिक होत नाही. चिलरचा इव्हॅपोरेटर शेल स्टीलचा, पंपाची बॉडी बिडाची, एक्स्पान्शन टँक, स्ट्रेनर, व्हॉल्व्ह, सगळं लोखंड. पूर्वी गंज शेकडो मीटर पाईपवर वाटला जायचा, आता येईल तो सगळा या चार-पाच वस्तूंच्या वाट्याला. त्यामुळे नायट्राईट बेसचं इनहिबिटर (गंज रोखणारं केमिकल, इन्सुलेशनचं नायट्राईल वेगळं) दोन्हीकडे लागणार, लूपमध्ये साधारण ६०० ते १००० पीपीएम नायट्राईट राहील असं बघा आणि तपासत राहा, कारण काही बॅक्टेरिया नायट्राईटच फस्त करतात, एकदा टाकलं म्हणजे झालं असं नाही. "प्लास्टिक आहे, केमिकलची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला पंपाची बॉडी दाखवा.

दुबईकर_सातारा

इकडे दुबईत मोठ्या डिस्ट्रिक्ट कूलिंगच्या (एका प्लांटमधून अनेक बिल्डिंगना थंड पाणी) जमिनीखालच्या लाईनी प्री-इन्सुलेटेड स्टील असतात, आत स्टील, मधे पीयू फोम, बाहेर एचडीपीईचं (टणक प्लास्टिक) जॅकेट. पाईप फॅक्टरीतून तयार येतो, साईटवर फक्त जॉईंट भरायचे. भारतात पण मिळतो, टेरेससाठी जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा ॲल्युमिनियमचं जॅकेट असलेला. टेरेसचा हेडर तरी तसा घ्या, साईटवर पोरांनी गोंद लावून चिकटवलेल्या नायट्राईलपेक्षा शंभर पटीने बरा. इकडे उन्हात नायट्राईल उघडं राहिलं की वर्ष-दोन वर्षात भेगा पडतात.

पाईपवाले_काका_ठाणे

बरोबर. आणि उन्हात पीपीआरचं काय होतं ते पण सांगा ना कुणीतरी. हिरवा पाईप पांढुरका पडतो आणि ठिसूळ होतो.

एचव्हीएसी_पुणे

होतो काका, यूव्हीने होतोच. पण चिल्ड वॉटरचा पाईप उघडा राहणारच नाहीये, वर इन्सुलेशन आणि क्लॅडिंग येणार. तुमचा एमएस तरी उघडा ठेवता का?

डेअरीवाला_कोल्हापूर

मधेच घुसतो, आमच्याकडे दुधाचं काम, चिल्ड वॉटर १-२ डिग्री आणि एका लाईनला ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) शून्याच्या खाली. तिथे पीपीआर चालत नाही, थंडीत ठिसूळ होतो, पाना पडला तरी तडकू शकतो. आम्ही तिथे एबीएस (वेगळं प्लास्टिक) वापरतो, तो उणे ४० पर्यंत चालतो, एचडीपीई पण चालतो. तुमचं ७ डिग्रीचं आहे त्यामुळे तुम्हाला काळजी नाही, फक्त उद्या कुणी आईस स्टोरेज वगैरे कल्पना काढली तर आठवण ठेवा.

सीपीव्हीसीचं (आणखी एक प्लास्टिक पाईप) कुणी सुचवलं तर सावध. ग्लायकॉल किती टक्के चालतो याला मर्यादा आहे, आणि रेफ्रिजरंटसोबत येणारं पीओई ऑइल लागलं तर सीपीव्हीसीला बारीक तडे जातात, काही रबरी इन्सुलेशनमधले प्लास्टिसायझर पण त्याला चालत नाहीत. पाईप कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय नको.

मी_प्लंबर_नव्हे

जीआय का नको? गंजत नाही ना.

चिलर_बॉय_नाशिक

थ्रेड केलंत तिथे जस्त गेलं, वेल्ड केलंत तिथे जस्त जळालं, म्हणजे जॉईंटलाच संरक्षण नाही आणि सडतं जॉईंटलाच. पैसे जास्त आणि हाती काही नाही. लहान ड्रेनला ठीक आहे.

मी_प्लंबर_नव्हे

आणि एसएस (स्टेनलेस स्टील)?

चिलर_बॉय_नाशिक

ट्रस्टींना विचारून बघा आणि त्यांचा चेहरा कसा होतो ते इथे कळवा 😄 चांगलं आहे, प्रेस फिटिंगवालं वेल्डिंगशिवाय होतं, पातळ आणि हलकं. पण समुद्रकिनारी क्लोराईड आणि मोठ्या साईझचा भाव, दोन्ही झेपलं पाहिजे.

रत्नागिरी_मेंटेनन्स

एसएसचं नावच काढत नाही 😄 वेल्डिंगचं सांगा कुणीतरी. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आयसीयू, शाफ्ट त्याच्या मागच्याच भिंतीत.

साईट_सुपरवायझर_पनवेल

चालू हॉस्पिटलमध्ये काम केलंय, सांगतो. हॉट वर्क परमिट, प्रत्येक ठिकाणी फायर एक्स्टिंग्विशर घेऊन एक माणूस, खाली ओलं गोणपाट, काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच थांबून लक्ष ठेवायचं, डिटेक्टर झाकायचे आणि संध्याकाळी न विसरता उघडायचे. मेडिकल ऑक्सिजनची लाईन शेजारी असेल तर शाफ्टमध्ये वेल्डिंग हा विषयच काढू नका, निदान रायझरच्या त्या भागात तरी. एमएसच करायचं असेल तर ग्रूव्ह्ड कपलिंगने (पाईपच्या टोकाला खाच पाडून वरून आवळायचा जोड) करा, पाईप बाहेर ग्राउंडला ग्रूव्ह करून आणायचा आणि आत नुसते नटबोल्ट. धूर नाही, ठिणगी नाही. फक्त कपलिंगचा आकार मोठा आणि वेडावाकडा असतो, त्यावर इन्सुलेशन घट्ट बसवणं हे कसबाचं काम, नाही तर प्रत्येक कपलिंग म्हणजे एक गळका नळ.

वजनाचं पण बघा. ४ इंची हेवी क्लास मीटरला साडेचौदा किलो, सहा मीटरचा नग ८७ किलो. तो जिन्यातून पाचव्या मजल्यावर, पेशंटच्या नातेवाईकांमधून. लिफ्टमध्ये मावत नाही, क्रेन लावायची तर रस्ता बंद. पीपीआर मीटरला तीन किलोच्या आसपास, चार मीटरचा नग एक माणूस खांद्यावर टाकून नेतो (१२५ चा जरा जड, तरी एकाचंच काम). आमच्या त्या कामात शेवटी हेच निर्णायक ठरलं, रात्री दहा ते पहाटे पाच एवढाच वेळ मिळायचा.

पण पीपीआरचा जॉईंट मारणारा माणूस बघून घ्या. मशीन २६० डिग्रीला, आणि प्रत्येक साईझला गरम करायचा वेळ ठरलेला आहे, ६३ ला २४ सेकंद, ११० ला ५० सेकंद. आमच्याकडे सगळे अंदाजाने करतात. जास्त गरम केला आणि जोरात आत रेटला की आतून मणी (वितळलेल्या प्लास्टिकची कडा) फुगतो आणि बोअर अर्धा बंद, बाहेरून काही दिसत नाही. कमी गरम झाला तर आज टेस्टला टिकतो आणि वर्षाने सुटतो. व्होल्टेज पडलं की मशीन थंड पडते ते वेगळंच, एकाच बोर्डावर ग्राइंडर आणि फ्यूजन मशीन लावू देऊ नका. १२५ आणि वरचं काही ठिकाणी सॉकेट फ्यूजनऐवजी (पाईप फिटिंगच्या आत घालून) बट फ्यूजनने (टोकाला टोक लावून) करतात, त्याची मशीन वेगळी, ती शाफ्टमध्ये बसते का ते आधी मोजा, कारण बरेचदा बसत नाही आणि मग हँगरवरून ओढाताण सुरू.

मी काय करतो, काम सुरू व्हायच्या आधी त्याच माणसाकडून, त्याच मशीनवर दोन-तीन जॉईंट मारून घेतो आणि आडवे कापतो. मणी कसा आहे ते स्वच्छ दिसतं. जो कॉन्ट्रॅक्टर याला कुरकुर करतो त्याला काम नाही.

एचव्हीएसी_पुणे

जॉईंट कापून बघायचं सुपरवायझर साहेबांनी सांगितलं ते कोटेशनच्या अटींमध्येच टाका.

आता आकुंचनाचं. सगळे पाईपचं "एक्स्पान्शन" म्हणतात पण चिल्ड वॉटरमध्ये पाईप आखडतो. एप्रिल-मेमध्ये ३७ डिग्रीला जोडलात आणि ७ डिग्रीचं पाणी सोडलंत, ३० डिग्रीचा फरक. ५० मीटर लाईन धरा: एमएस १८ एमएम आखडेल, साधा पीपीआर तब्बल २२५ एमएम, फायबरवाला ५०-५५ एमएम. म्हणून साधा पीपीआर चिल्ड वॉटरला घेऊच नका, कितीही स्वस्त पडला तरी. काप बघा, मधे वेगळ्या रंगाचा फायबरचा थर स्पष्ट दिसायला पाहिजे.

गंमत अशी की प्लास्टिक जास्त आखडतं पण त्याचा जोर कमी असतो. दोन्ही टोकं पक्की जखडली तर तुमच्या साईझचा फायबर पीपीआर साधारण चारशे-पाचशे किलोने ओढेल, ४ इंची एमएस १३ टनांनी. त्यामुळे पीपीआरला ठिकठिकाणी फिक्स क्लँप देऊन आवरता येतं, एमएसला बेंड किंवा लूप ठेवावाच लागतो. तुमचा रायझर वीसेक मीटरचा, प्रत्येक मजल्यावर ब्रँच निघते त्याच्या जवळ फिक्स पॉईंट घ्या म्हणजे ब्रँचची टी ओढली जाणार नाही. सपोर्ट मात्र जवळ जवळ लागतात, एमएसला चार मीटरवर चालतं, पीपीआरला दोन मीटरच्या आत धरा. आणि प्रत्येक सपोर्टला पफचा (कडक फोमचा) सॅडल, क्लँप थेट पाईपवर नको. इन्सुलेशन कितीही छान केलं आणि क्लँपपाशी तोडलं तर तिथूनच घाम सुरू होतो, आणि एमएस असेल तर गंजही तिथूनच.

पाईपवाले_काका_ठाणे

आगीचं कुणीच बोललं नाही.

साईट_सुपरवायझर_पनवेल

हो काका, मुद्दा बरोबर. प्लास्टिक पाईप स्लॅब किंवा फायर वॉलमधून जातो तिथे फायर कॉलर लागतो, आग लागली तर पाईप वितळतो आणि कॉलर फुगून भोक बंद करतो. एमएसचा उघडा पाईप असेल तर नुसतं फायर सीलंट भरलं की झालं. हे दुसऱ्या कोटेशनमध्ये नसणार, सहा स्लॅब गुणिले सप्लाय-रिटर्न, विचारून घ्या. आणि फॉल्स सीलिंगच्या वरची जागा रिटर्न एअरसाठी वापरत असाल, डक्ट नसेल, तर तिथे प्लास्टिक टाकायच्या आधी तुमच्या फायर कन्सल्टंटला विचारा, कारण जळाल्यावरचा धूर थेट एएचयूमधून वॉर्डात.

रत्नागिरी_मेंटेनन्स

रिटर्न डक्टनेच आहे, ते बरंय. मग एकंदरीत मी काय करू? टेरेस एमएस, बाकी पीपीआर असं चालेल का?

एचव्हीएसी_पुणे

माझं मत विचाराल तर हो. प्लांट आणि टेरेस हेडर एमएस, कारण तिथे पंपाची थरथर असते, व्हॉल्व्ह जड असतात, माणसं चढतात आणि उघड्यावर वेल्डिंगला अडचण नाही. आधी इपॉक्सी, मग प्री-इन्सुलेटेड किंवा ५० एमएम नायट्राईल आणि वर क्लॅडिंग, आणि क्लॅडिंगचे जोड खालच्या बाजूला, पागोळ्यांचं पाणी आत शिरणार नाही असे. रायझर आणि मजल्यावरच्या लाईनी फायबर पीपीआर, १२५ एमएम, कारण शाफ्टमध्ये ऑक्सिजन लाईन आहे आणि खाऱ्या दमट हवेत इन्सुलेशन कुठेतरी फुटणारच, आणि फुटेल तेव्हा प्लास्टिक असेल तर फक्त थेंब पडतील, पाईप जाणार नाही. किनारपट्टीवर मला पीपीआर आवडतो तो एवढ्यासाठीच. हेच हॉस्पिटल नागपूरला नव्या बिल्डिंगमध्ये असतं, वेल्डिंगची अडचण नसती, तर मी एमएसच सांगितलं असतं.

पाईपवाले_काका_ठाणे

मी असतो तर पूर्ण एमएस ग्रूव्ह्डमध्ये केलं असतं. पण मॅडमचं म्हणणं पटतंय, लिहिलंय पण सविस्तर. शाफ्टमध्ये जाळ्या लावा उंदरांसाठी, दोन्हीकडे खातात ते, नायट्राईल तर आवडीने.

साईट_सुपरवायझर_पनवेल

टेस्टिंगचं राहिलं. पीपीआर भरून पंप मारला की सुरुवातीला गेज आपोआप खाली येतो, पाईप थोडा ताणला जातो म्हणून, गळती नसते. परत मारा, थोडा वेळ थांबा, मग खरी टेस्ट सुरू. कुठलाही प्लास्टिक पाईप हवेने टेस्ट करू देऊ नका, दाबलेली हवा फुटली तर तुकडे गोळीसारखे उडतात. पाण्यानेच. आणि इन्सुलेशन टेस्ट झाल्यावरच चढवायचं, हे सांगावं लागू नये पण लागतं.

रत्नागिरी_मेंटेनन्स

खूप आभार सगळ्यांचे. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, १२५ चा भाव, इन्सुलेशन, फायर कॉलर आणि जॉईंट कापून दाखवायची अट असं सगळं सांगितलं. पहिले पाच मिनिटं शांत होता, मग म्हणाला सुधारून पाठवतो. प्रत्येक मजल्याला आयसोलेशन व्हॉल्व्ह देणार आहोत म्हणजे एक एक मजला बदलता येईल आणि ओटी बंद पडणार नाही. बटरफ्लाय व्हॉल्व्ह घेतोय, पीपीआरला फ्लँज लावून. त्यात काही?

साईट_सुपरवायझर_पनवेल

आहे. पीपीआरचा स्टब एंड (फ्लँज बसवायचा टोकाचा तुकडा) जाड असतो, आतलं भोक लहान. बटरफ्लायची डिस्क उघडताना पाईपच्या आत शिरते, ती स्टबच्या कडेला अडकते आणि व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, हँडलवरून कळत नाही. एक तर स्टबच्या तोंडाला आतून तिरका चँफर करून घ्या नाही तर मधे स्पेसर टाका. पहिला व्हॉल्व्ह बसवला की बोल्ट आवळायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पूर्ण उघडून बंद करून बघा. आणि फ्लँजचे बोल्ट लाईन थंड झाल्यावर परत एकदा आवळायचे, पाईप आखडतो तसे ते सैल होतात.

रत्नागिरी_मेंटेनन्स

बॉल व्हॉल्व्ह घेतले तर?

साईट_सुपरवायझर_पनवेल

५० एमएमपर्यंत बॉलच घ्या, एफसीयूला तर नक्की. पण त्यात लांब दांड्याचा मागा, म्हणजे हँडल इन्सुलेशनच्या बाहेर राहतं. आखूड दांड्याचा असला की पोरं हँडल फिरवायला इन्सुलेशन कापतात आणि परत कुणी लावत नाही.